आरोग्य मंत्र्यांना खुलं पत्र: उतारा गावातच हवा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: अफू-हेरॉइनच्या जातीच्या औषधाचा डोस जास्त झाला तर त्यावर उतारा असलेलं नॅलॉक्सोन हे औषध ग्रामीण विदर्भातली उपकेंद्रं, आशाताई आणि गावातली शिकवून तयार केलेली माणसं यांच्यापर्यंत मोफत पोहोचवण्याबाबत.

महोदय,

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावी मी 26 वर्षांपासून औषधाचं दुकान चालवतो. विषय वाचून आपल्या कार्यालयातलं कुणीतरी नक्की म्हणेल की हे पंजाबचं दुखणं, विदर्भाचा याच्याशी काय संबंध? तीन वर्षांपूर्वी मीही हेच म्हटलं असतं.

कार्तिक महिना होता, कापूस वेचणी ऐन भरात. पहाटे पाचच्या पुढं शटरवर थापा पडल्या. माझं घर दुकानाच्या वरच आहे, त्यामुळे अवेळी थाप पडण्याची सवय आहे. खाली आमच्याच मोहल्ल्यातली बाई उभी होती, पायात चप्पल नाही. "भाऊ, पोट्टा उठून नाही राह्यला."

पोरगा 24 वर्षांचा. नागपूर-हैदराबाद रस्त्यावरच्या ट्रकवर चार वर्षं क्लीनर होता, तिथंच त्याला ब्राऊन शुगरची, म्हणजे भेसळीच्या हेरॉइनची, सवय लागली. पोळ्याच्या सुमारास घरच्यांनी ओढून आणला, सुरुवातीचे आठ-दहा दिवस उलट्या, अंगदुखी, रात्ररात्र जागरण, सगळं त्या माउलीनं निभावलं. मग दोन-अडीच महिने तो साफ होता. वेचणीला जायचा, संध्याकाळी माझ्या दुकानासमोरच्या पानठेल्यावर बसायचा. आदल्या रात्री जुना साथीदार भेटला. अकराच्या सुमारास घरी आला, जेवला नाही, छपरीतल्या खाटेवर आडवा झाला आणि घोरायला लागला. इतका मोठ्यानं की आजीनं आपली गोधडी उचलून आतल्या खोलीत नेली.

रात्री दोनला वडील उठले. शेतीची लाईन त्या आठवड्यात रात्रीचीच होती, हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं. जाताना त्यांनी पोराच्या अंगावर घोंगडी सारखी केली. बायको म्हणाली, उठवून पाहा. ते म्हणाले, "घोरून राह्यला ना, झोपू द्या त्याले." पाचला परत आले तेव्हा घोरणं थांबलेलं होतं.

हे सगळं त्याच्या आईला विचारून लिहितो आहे. वडील गेल्या वर्षी वारले. ते होते तोवर मी गप्प राहिलो, कारण ती झोप नव्हती. अफूच्या जातीच्या औषधाचा डोस जास्त झाला की मेंदूतलं श्वास चालवणारं केंद्र मंदावतं, घसा ढिला पडतो, जीभ मागे सरते, आणि त्या चिंचोळ्या वाटेनं हवा ओढताना घोरण्यासारखा, घरघरल्यासारखा आवाज येतो. श्वास मिनिटाला बाराचे आठ, आठचे चार होत जातात. म्हणजे दोन वाजता तो वाचण्यासारखा होता.

मी पोहोचलो तेव्हा ओठ काळेनिळे होते, पण मानेची नाडी लागत होती. 108 ला फोन केला. गाडी दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेलेली, चाळीस मिनिटं लागतील म्हणाले. शेवटी शेजाऱ्याच्या ऑटोत घातला. आरोग्य केंद्र आमच्यापासून 11 किलोमीटर. तिथल्या तरुण डॉक्टरांनी टॉर्च मारून डोळे पाहिले. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. तोंडाला थोडा फेस. ते म्हणाले, फवारणीची केस दिसते, आणि अ‍ॅट्रोपिन सुरू केलं. तिथून रेफर. रेफरच्या वाटेतच तो गेला.

त्या डॉक्टरांवर माझा राग नाही, हे स्पष्ट लिहून ठेवतो. 2017 च्या पावसाळ्यात याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यांत भरती झाले. तेव्हापासून इथल्या प्रत्येक डॉक्टरला, सिस्टरला एक गोष्ट पाठ आहे: बारीक बाहुली दिसली की कीटकनाशक समजा, अ‍ॅट्रोपिन चालू करा. त्या पाठांतरानं माणसं वाचली आहेत. पण बाहुली टाचणीएवढी होण्याचं दुसरंही एक कारण आहे, आणि आपल्याकडे ते कुणाच्या डोक्यातच येत नाही. कीटकनाशकाच्या रोग्याला घामाच्या धारा लागतात, लाळ गळते, अंगावरच्या मांसपेशी थरथरतात. अफूवाल्याचं अंग तसं पाझरत नाही, त्याचा श्वास फक्त मंदावत मंदावत जातो. थोडा फेस मात्र दोन्हीकडे दिसू शकतो आणि पहाटेच्या घाईत तेवढ्यानं चूक होते. आणि समजा, डॉक्टरांनी बरोबर ओळखलं असतं, तरी देणार काय होते? नॅलॉक्सोन त्या कपाटात नव्हतंच. माझ्याही दुकानात नव्हतं.

हे नाव मला माहीत नव्हतं असं मात्र नाही. फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला पाच मार्कांना यायचं: मॉर्फिनच्या विषबाधेवरचा उतारा कोणता, त्याचं कार्य लिहा. मी लिहिलं होतं, मार्कही पूर्ण मिळाले होते. त्यानंतर 26 वर्षांत ती कुपी मी हातात धरली नाही. गावात तर उतारा म्हटलं की लोकांना तिठ्यावर ठेवलेला लिंबू-नारळच आठवतो.

आता थोडं या औषधाबद्दल, कारण फाईल पुढं सरकवणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक असेलच असं नाही. 1960 च्या आसपास अमेरिकेत ते तयार झालं आणि 1971 मध्ये तिथं मंजूर झालं. म्हणजे वयानं माझ्यापेक्षा मोठं आहे, नव्या संशोधनाची महागडी नवलाई वगैरे काही नाही. मेंदूतल्या ज्या जागांवर अफू, मॉर्फिन, हेरॉइन, कोडीन जाऊन बसतात, त्याच जागांवर हे जाऊन बसतं आणि आधीच्याला उठवतं. दंडात किंवा मांडीत सुई दिली तरी दोन-पाच मिनिटांत श्वास परत येऊ लागतो. नाही आला तर दोन-तीन मिनिटांनी दुसरी कुपी द्यायची. आपल्या देशात 0.4 मिलिग्रॅमची कुपी मिळते आणि केंद्राच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत तिचं नाव आहे. परदेशात नाकात मारायचा फवाराही आहे, अमेरिकेनं तर मार्च 2023 मध्ये तो चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी दिली.

यानं नशा होत नाही. याची सवय लागत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्याच्या अंगात अफूच्या जातीचं काहीच नाही त्याला हे दिलं तर जवळपास काहीच होत नाही. माझ्या दुकानात शेकडो औषधं आहेत, पण चुकीच्या माणसाला दिलं तरी निर्धास्त राहावं अशी त्यातली किती? तापाच्या साध्या गोळीबद्दलही मी तसं म्हणणार नाही.

मर्यादाही सांगतो, नाहीतर हा दुकानदार औषध खपवायला निघाला असं वाटायचं. मोहाच्या दारूवर याचा उपयोग नाही, झोपेच्या गोळ्यांवर नाही, कीटकनाशकावर नाही. ट्रॅमाडॉल हे अफूच्या जातीचं वेदनाशामक जास्त झालं असेल तर अर्धामुर्धाच उतार पडतो आणि झटके येण्याची भीती असते. शिवाय याचा असर अर्धा ते दीड तास टिकतो. अफूचं औषध त्याहून लांब चालणारं असेल तर माणूस उठून बसतो, चहा पितो आणि तासाभरानं पुन्हा निळा पडतो. म्हणून सुई दिली तरी दवाखान्यात न्यायचंच, आणि नेईपर्यंत त्याला एकट्याला सोडायचं नाही. सुईच्या आधी आणि सुईनंतरही तोंडानं श्वास द्यावा लागतो. एवढं एका दुपारी शिकवता येतं.

हे विष आमच्याकडे येतं कुठून, हाही प्रश्न आपण विचाराल. यातला एक रस्ता माझ्या काउंटरवरून जातो. वेचणीची मजुरी किलोवर असते. दिवसभर वाकून कापूस वेचलेला माणूस संध्याकाळी दुकानात येतो आणि म्हणतो, "भाऊ, अंगदुखीची ती भारी गोळी द्या, मागच्या खेपेची." पुष्कळ वर्षं आम्ही ती भारी गोळी देत आलो. आधी डेक्स्ट्रोप्रोपॉक्सिफेनच्या कॅप्सूल होत्या, 2013 मध्ये त्यांच्यावर बंदी आली. मग ट्रॅमाडॉल आलं. 2018 मध्ये ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली गेलं तेव्हा कुठं आमच्या तालुक्यातले दुकानदार वचकले. त्याआधी चिठ्ठी न मागता मी स्वतः ते दिलेलं आहे. तो पोरगा ट्रकवर चढण्याआधी दोन हंगाम माझ्याकडूनच गोळी न्यायचा. ट्रकवरची सवय ट्रकवर लागली हे खरं, पण दुखणं औषधानं विसरता येतं हे त्याला पहिल्यांदा कुठं कळलं, या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक आहे.

दुसरा रस्ता खोकल्याच्या औषधाचा, कोडीन असलेल्या बाटल्यांचा. वर्धा जिल्ह्यात 1974 पासून दारूबंदी, गडचिरोलीत 1993 पासून, चंद्रपुरात 2015 ते 2021. दारूबंदी चूक की बरोबर या वादात मी शिरत नाही, त्यावर विदर्भात हजार सभा होऊन गेल्या. एवढंच सांगतो की बाटली लपवायला सोपी, वास येत नाही आणि बापाला वाटतं पोराला खोकला झाला. तिसरा रस्ता महामार्गाचा, तो वर आलाच. आणि एक फार जुना रस्ता माझ्या आजीच्या तोंडून ऐकलेला: निंदणाला जाताना तान्ह्या लेकराला अफूची चिमूट चाटवायची, म्हणजे ते धुऱ्यावर दिवसभर निजून राहायचं. काही लेकरं उठायचीच नाहीत. तेव्हा त्याला "बाहेरचं झालं" म्हणत. त्यामुळे अफू विदर्भाला परकी आहे असं मी तरी म्हणू शकत नाही.

आकडा हवाच असेल तर दिल्लीच्या एम्सनं केंद्र सरकारसाठी केलेली पाहणी फेब्रुवारी 2019 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात देशातल्या सुमारे 2.1 टक्के लोकांनी, म्हणजे 2 कोटी 26 लाखांनी, वर्षभरात अफूच्या जातीचा कोणता ना कोणता पदार्थ घेतल्याचा अंदाज आहे. व्यसनाधीनांची संख्या जास्त असलेल्या मोजक्या राज्यांत पंजाब, हरियाणाबरोबर महाराष्ट्राचंही नाव आहे. आमच्या तालुक्याचा आकडा मात्र कुणी काढलेला नाही. अशा मरणाच्या पंचनाम्यात "झोपेत मृत्यू" लिहिलं जातं, नाहीतर "विषबाधेचा संशय". व्हिसेरा जातो, त्याचा अहवाल येईस्तोवर तेरवी होऊन महिने उलटलेले असतात. त्या पोराच्या कागदावर आजही कीटकनाशकच आहे. सरकारच्या हिशेबी तो फवारणीत गेला, आणि त्यानं त्या वर्षी पंप पाठीला लावलासुद्धा नव्हता.

माझं मुख्य म्हणणं वेळेबद्दल आहे. श्वास पूर्ण थांबला की चार-पाच मिनिटांत मेंदूची हानी सुरू होते. 108 ची सेवा 2014 मध्ये सुरू झाली तेव्हापासून तिनं या भागात अनेक जीव वाचवले, बाळंतपणात तर फार मोठा आधार झाला. पण कितीही चांगली गाडी 20 किलोमीटरवरून पाच मिनिटांत येणार नाही. पावसाळ्यात नाल्याला पूर असला तर ती येतच नाही. म्हणून नॅलॉक्सोन जिल्ह्याच्या दवाखान्यात असून भागत नाही, तालुक्याला असूनही भागत नाही. माणूस जिथं पडतो तिथं, हाकेच्या अंतरावर ते असलं पाहिजे. आणि पडलेल्या माणसाजवळ त्या क्षणी असतं कोण? आई, बायको, सोबत नशा करणारा मित्र, ढाब्यावरचा पोऱ्या.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2014 मध्ये हेच सांगितलं: ज्यांच्या डोळ्यांसमोर असा प्रसंग घडू शकतो त्या साध्या माणसांच्या हाती नॅलॉक्सोन द्या आणि ते वापरायला शिकवा. स्कॉटलंडनं 2011 पासून राष्ट्रीय कार्यक्रम म्हणून ते घरी न्यायला दिलं. पण स्कॉटलंडचे दाखले मंत्रालयात चालतात, आमच्या ग्रामसभेत नाही. इथं लोक म्हणतात, ती गोरी माणसं शिकलेली, आमच्या अडाण्याच्या हाती सुई कशी द्यायची?

तर दाखला आमच्याच गडचिरोलीचा देतो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेनं नव्वदच्या दशकात 39 गावांतल्या थोड्याशा शिकलेल्या बायांना तयार केलं. त्या आरोग्यदूत बाया घरोघर जाऊन नवजात बाळ तपासायच्या, जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायच्या, न रडलेल्या बाळाला मास्कनं श्वास द्यायच्या. दीड-दोन किलोच्या बाळाच्या मांडीत सुई! तेव्हाही मोठमोठ्या डॉक्टरांनी कपाळाला हात लावला होता. त्या गावांतले नवजात बालमृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले, 1999 मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि पुढं त्याच कामावर उभी राहिलेली घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याची योजना देशभरातल्या आशांच्या हाती गेली. थोडीशी शिकलेली बाई नुकत्याच जन्मलेल्या बाळाला इंजेक्शन देऊ शकते, तर 24 वर्षांच्या पोराच्या दंडात तिला सुई देता येणार नाही, हे मला कुणी पटवून द्यावं.

शिकवायचं कसं याचीही चिंता नको. सुई टोचायला शिकण्यासाठी संत्र्यासारखं दुसरं काही नाही आणि संत्र्याला विदर्भात तोटा नाही. मी घरी माझ्या बायकोला आणि पुतण्याला शिकवून पाहिलं, जीवनसत्त्वाच्या इंजेक्शनची कुपी घेऊन. कुपीच्या मानेवर ठिपका असतो, तो आपल्याकडे ठेवून कापडात धरून मागे मोडायची. दोन मिलीची सिरिंज. औषध ओढायचं, बुडबुडा काढायचा, संत्र्याच्या सालीला नव्वद अंशात सुई. पहिल्यांदा पुतण्यानं कुपी हातातच फोडली, बोट कापलं. चौथ्या खेपेला डोळे मिटून केलं असतं. मोजून 35 मिनिटं लागली, त्यातली दहा संत्रं खाण्यात गेली.

नियमांची अडचण पुढं केली जाईल, म्हणून परवानाधारक या नात्यानं तेही लिहितो. आज चिठ्ठीशिवाय मी ही कुपी कुणाला देऊ शकत नाही, आणि ज्याला गरज आहे तो बेशुद्ध असल्यानं चिठ्ठी आणू शकत नाही. पण औषध नियमांचं शेड्यूल के उघडून पाहावं. सरकारी आरोग्य कार्यक्रमात प्राथमिक केंद्राचे बहुउद्देशीय कर्मचारी, गावपातळीवरचे आरोग्य स्वयंसेवक, अंगणवाडी ताई यांच्यामार्फत दिल्या जाणाऱ्या औषधांना विक्री परवान्यातून सूट आहे. ओआरएस, लोहाच्या गोळ्या गावात जातात त्या या दारानं. राज्यानं आपल्या कार्यक्रमात नॅलॉक्सोन घेतलं तर दार उघडंच आहे. उपकेंद्रात आता सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी, बसतात, सुईचं काम त्यांना नवं नाही. सुरुवात तिथून करता येईल. आशाताईंवर मात्र आणखी एक काम फुकटात लादू नका. आधीच त्यांच्या पिशवीत पन्नास रजिस्टरं आहेत आणि मानधनासाठी त्यांना मोर्चे काढावे लागतात. शिकवण्याच्या दिवसाचे आणि दिलेल्या प्रत्येक सुईचे पैसे त्यांना वेळेवर मिळाले पाहिजेत.

पोलिसांबद्दल लिहिल्याशिवाय हे पत्र अर्धवट राहील. त्या रात्री त्याचा साथीदार गावातच होता. रात्री बाराच्या सुमारास तो छपरीपर्यंत आला होता, त्यानं याला हलवून पाहिलं होतं आणि मग पळून गेला. हे त्यानं दोन वर्षांनी मला सांगितलं, शटर अर्धं ओढून घ्यायला लावून. त्याला कळलं होतं. ट्रकलाइनीवर त्यानं असं घोरणं आधी ऐकलेलं होतं. पण कुणाला उठवलं असतं तर पोलीस पाटील आला असता, मग ठाणं, मग अमली पदार्थांची केस. तो 22 वर्षांचा, घरी लग्नाची बहीण. मी त्याला शिव्या घातल्या आणि नंतर मलाच लाज वाटली.

रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला त्रास देऊ नये म्हणून 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम 134अ आलं. अमली पदार्थांच्या कायद्यातही कलम 64अ आहे, स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यातून सूट देणारं. पण मित्र मरत असताना फोन करणाऱ्याला असं कोणतंही अभय नाही. कायदा बदलणं दिल्लीचं काम, ते आपल्या हाती नाही हे मी जाणतो. मात्र गृह विभागाशी बोलून एवढा आदेश तर काढता येईल की 108 वर आलेल्या अशा फोनचा नंबर ठाण्याला जाणार नाही आणि सुई देणाऱ्याला किंवा रुग्ण आणून सोडणाऱ्याला नशेबद्दल काही विचारलं जाणार नाही. हे झालं नाही तर कुप्या कपाटातच मुदतबाह्य होतील, कारण त्या आणायला कुणी येणारच नाही.

"मोफत उतारा दिला तर पोरं बिनधास्त नशा करतील," हे मला आमच्या केमिस्टांच्या बैठकीतही ऐकावं लागलं. त्यांना मी विचारलं, दवाखान्यात अ‍ॅट्रोपिन आहे म्हणून कोणता शेतकरी कीटकनाशक जास्त फवारतो? ज्याला एकदा नॅलॉक्सोन दिलेलं आहे त्याला विचारा. क्षणात सगळी नशा उतरते, अंग फुटतं, उलट्या होतात, थंडी भरते, कधी कधी तो सुई देणाऱ्याच्याच अंगावर धावून जातो. मजेसाठी कुणी हे करून घेणार नाही.

उलट बाजूनं एक भीती मला आहे. या पत्राचा अर्थ "दुखण्याची औषधं बंद करा" असा कुणी काढू नये. तंबाखू-सुपारीच्या खर्र्यानं विदर्भात तोंडाचे कॅन्सर किती होतात हे आपल्याला सांगायला नको. जबडा काढलेला माणूस रात्रभर कण्हत असतो, त्याला मॉर्फिनची गोळी मिळणं हा त्याचा हक्क आहे, आणि ती मिळावी म्हणून 2014 मध्ये कायदा मुद्दाम सैल केला. आमच्या तालुक्यात ती आजही मिळत नाही. तिथं कडक व्हायच्या नादात त्या माणसाला पुन्हा नागपूरच्या चकरा मारायला लावू नका.

आणि कुणी म्हणालं की आधी सापाच्या लसीचं बघा, तर माझा वाद नाही, जरूर बघा. मण्यार चावलेला माणूसही असाच जमिनीवर झोपेत असतो, त्याच्याही पापण्या पडतात, श्वास थांबतो. मण्यार, फवारणी आणि अफू, आमच्याकडे श्वास जाण्याची ही तीन कारणं, आणि तिन्हींत पहिली दहा मिनिटं गावातल्या माणसाच्याच हाती असतात. मास्कनं श्वास द्यायचं शिक्षण तिन्हींना उपयोगी पडतं. आपण एकच पेटी करा: मास्क आणि फुगा, नॅलॉक्सोनच्या चार कुप्या, सिरिंज, आणि झाकणाच्या आतून चित्रांचा तक्ता. तक्त्यावर पहिलं चित्र घोरणाऱ्या माणसाचं काढा. खाली आमच्या बोलीत लिहा: हाक मारून, छातीच्या हाडावर बोटांच्या पेरांनी घासूनही उठत नसेल, तर तो झोपलेला नाही. उपकेंद्र, ग्रामपंचायत, महामार्गावरचे ढाबे आणि तयार असतील ती औषधाची दुकानं, इथं ही पेटी ठेवा. सगळा विदर्भ एकदम नको. महामार्गाला लागून असलेले दोन-तीन तालुके घ्या, दोन हंगाम चालवून पाहा, किती कुप्या फुटल्या आणि किती माणसं उठून बसली याची नोंद ठेवा. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनाही एक पानाचं परिपत्रक द्या: बारीक बाहुली, कोरडं अंग आणि मंद श्वास दिसला तर नॅलॉक्सोनही द्यावं.

माझ्या दुकानापुरतं मी आजच लिहून देतो. पेटी काउंटरच्या उजव्या हाताला, बिस्किटांच्या बरणीशेजारी राहील, कुलूप नसेल. नेणाऱ्याचं नाव लिहून घेणार नाही. दुकान रात्री दहाला बंद होतं, पण शटरवर थाप मारली की मी उतरतो. नसलोच तर पुतण्या उतरेल, त्याला आता कुपी मोडता येते.

त्याचा तो साथीदार अजून गावातच आहे आणि मधून मधून घेतो. पहिली शिकवणी लागली की त्याला पुढच्या रांगेत बसवायचं मी ठरवलं आहे. तो येतो म्हणाला आहे, पोलीस नसतील तर.

आपला,
एक औषध दुकानदार
जिल्हा यवतमाळ